रणगाड्यावरची धूळ

(नवी वस्तू चकचकीत असते. वापरलेल्या वस्तूवर मात्र धूळ, ओरखडे आणि डाग दिसतात. या डागांना कारण असते. एका विद्यार्थ्याने रणगाड्याची छोटी प्रतिकृती रंगवली. ती रंगवताना त्याची कोणती चूक झाली आणि ती त्याने कशी सुधारली, हे त्याच्याच शब्दांत वाचा.)

आमच्या शाळेत दरवर्षी १६ डिसेंबरला विजय दिन साजरा होतो. १९७१ साली याच दिवशी ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. गेल्या वर्षी या दिवशी प्रदर्शन भरवायचे ठरले. सरांनी विचारले, "कोण काय आणणार?"

मी उभा राहून म्हणालो, "सर, मी रणगाडा आणणार!"

सगळा वर्ग खो खो हसला. सरही हसले. मग मी सांगितले, की माझा रणगाडा प्लॅस्टिकचा आहे. माझे मोठे मामू दुबईला असतात. त्यांनी सुट्या भागांचा एक संच आणला होता. ते भाग चिकटवले की 'सेंच्युरियन' या रणगाड्याची प्रतिकृती तयार होते. तिचे प्रमाण १:३५ आहे. म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे ३५ सेंटीमीटर अंतर प्रतिकृतीत १ सेंटीमीटर होते. खरा सेंच्युरियन तोफेची नळी सोडून सुमारे साडेसात मीटर लांब असतो. माझा सुमारे २१ सेंटीमीटर. खऱ्याचे वजन ५० टनांहून जास्त. माझा एका हातात मावतो!

सर म्हणाले, "रणगाडा चांगला निवडलास. १९७१ च्या युद्धात बसंतर नदीकाठी मोठी लढाई झाली. तिथे आपल्या 'पूना हॉर्स' या पलटणीकडे सेंच्युरियन रणगाडे होते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल याच पलटणीतले. त्यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. रणगाड्याने पेट घेतला तरी त्यांनी तो सोडला नाही. १६ डिसेंबरला ते शहीद झाले. त्यांचे वय फक्त २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तू बसंतरच्या लढाईतला सेंच्युरियन तयार कर."

आता वर्गात कोणी हसत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी भाग चिकटवले. रंगवण्यासाठी मात्र धाकट्या मामूंकडे गेलो. त्यांचे गाड्या रंगवण्याचे गॅरेज आहे. ठोकर लागलेल्या गाड्या ते अशा रंगवतात, की डाग शोधूनही सापडत नाही.

मी म्हणालो, "मामू, मला रणगाड्यावर धूळ, चिखल आणि गंज रंगवायचा आहे."

मामू हसून म्हणाले, "बेटा, माझी सारी उमर गंज लपवण्यात गेली आणि तू गंज रंगवायला निघालास! बरं, बस. पण माझ्या डब्यातल्या थिनरला हात लावू नकोस. ते पत्र्यासाठी आहे. प्लॅस्टिकला लागले तर प्लॅस्टिक विरघळेल."

त्यांनी मला पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरायला सांगितले. आधी राखाडी अस्तर दिले. ते वाळल्यावर सैनिकी हिरवा रंग दिला. एकच जाड थर द्यायचा नाही, पातळ थर तीनदा द्यायचे. जाड थराखाली बारीक खिळे आणि रेषा बुजून जातात. हिरव्या रंगात मामूंनी पांढऱ्याचे दोन थेंब टाकले. "लहान वस्तूवर रंग गडद दिसतो. म्हणून थोडा फिका करायचा," असे ते म्हणाले.

मग बारीक कामाला सुरुवात झाली. रणगाड्याच्या अंगावर फावडे, कुऱ्हाड, पहार अशी अवजारे बांधलेली असतात. त्यांचे दांडे लाकडी रंगाचे केले आणि पाती करड्या रंगाची. चाकांच्या कडेला रबर असते. मी ते काळेकुट्ट रंगवणार होतो. मामूंनी मला रस्त्यावर नेले आणि उभ्या ट्रकचा टायर दाखवला. तो काळा नव्हता, गडद राखाडी होता! मशिनगन काळी रंगवली आणि तिच्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली. लगेच ती लोखंडाची वाटू लागली.

एवढे झाल्यावर रणगाडा सुंदर दिसत होता. पण तो कालच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखा वाटत होता. आता त्याला जुना करायचे होते.

हे काम मी घरी एकट्याने केले. चित्रकलेच्या तैलरंगातला तांबूस तपकिरी रंग घेतला. त्यात टर्पेंटाइन मिसळून तो पातळ केला. खिडक्या उघड्या ठेवल्या, कारण टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत चांगला नाही आणि ते लवकर पेट घेते. अम्मीने मला चुलीपासून दूर बसवले. मी टरेटवर गंज रंगवला. टरेट म्हणजे रणगाड्याचा वरचा फिरता भाग. मग पुढे गंज, मागे गंज, तोफेच्या नळीवर गंज. जितका गंज जास्त, तितका रणगाडा खरा, असे मला वाटत होते. शेवटी शेतातली काळी माती चाळून पाण्यात कालवली आणि चाकांवर, साखळ्यांवर थापली.

घरात सर्वांनी तारीफ केली. आपा म्हणाली, "अगदी खरा वाटतो!" मी खूश झालो.

आमच्या गल्लीत एक सुभेदारआजोबा राहतात. ते रणगाडा दलात चालक होते. निवृत्त होऊन त्यांना खूप वर्षे झाली. मी मोठ्या अभिमानाने रणगाडा त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला. रणगाडा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी विचारले, "पोरा, हा रणगाडा कुठल्या भंगारात पडला होता?"

मी म्हणालो, "नाही आजोबा, हा बसंतरच्या लढाईतला आहे."

"लढाईतला?" आजोबा म्हणाले. "लढाईतल्या रणगाड्याच्या तोफेवर गंज? अरे, दिवस मावळला की आम्ही चौघे कामाला लागायचो. तोफेची नळी साफ करायची. साखळ्या तपासायच्या. वंगण घालायचे. जेवण नंतर, रणगाडा आधी. त्याच्या पोटात बसून आम्ही लढणार होतो. त्याला आम्ही असा गंजू दिला असता का?"

माझी मान खाली गेली.

आजोबांनी चाकांवरच्या मातीकडे बोट दाखवले. "आणि ही माती आपल्या नगरच्या शेतातली आहे. आपली जमीन काळ्या दगडाची, म्हणून माती काळी. तिकडे पंजाबच्या मैदानात नद्यांनी आणलेला गाळ आहे. तिथली माती फिकी, करडी-तपकिरी असते. धूळ उडाली तर तोंडावर पिठासारखी बसते."

मी रडकुंडीला आलो. प्रदर्शनाला फक्त सहा दिवस उरले होते. वाटले, रणगाडा फेकून द्यावा आणि पोटात दुखते म्हणून घरी बसावे. पण आजोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. फक्त आधी बघायला शीक. प्रत्येक डाग का पडतो, ते बघ. मग रंगव."

मी पुन्हा मामूंकडे गेलो. मामूंनी रणगाडा पाहिला आणि विचारले, "वरून वार्निश मारलेस का?"

"नाही."

"मग घाबरू नकोस. खालचा हिरवा रंग पाण्याचा आहे. तो पक्का वाळला आहे. वरचा गंज तेलाच्या रंगाचा आहे. टर्पेंटाइनने वरचा रंग निघेल, खालचा राहील. पण हात हलका ठेव."

मी काडीला कापूस गुंडाळला. तो टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्यावर टिपला आणि हळूहळू गंज पुसू लागलो. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. माती पाण्याने धुतली. हिरवा रणगाडा पुन्हा दिसू लागला. कानाकोपऱ्यांत आणि खिळ्यांभोवती थोडा तपकिरी रंग उरला होता. मामू म्हणाले, "तो राहू दे. खऱ्या गाडीतही मळ कोपऱ्यातच साठतो."

आता बघायला शिकायचे होते. आमच्या शहरात रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे. त्याचे नाव कॅव्हलरी टँक म्युझियम. ते १९९४ साली सुरू झाले. तिथे खरा सेंच्युरियन आहे. रविवारी अब्बा मला तिथे घेऊन गेले. मी चाके मोजली. एका बाजूला सहा. चालकाची जागा पाहिली. ती पुढे उजव्या बाजूला होती. पण तिथले रणगाडे नीट रंगवून ठेवलेले होते. त्यांच्यावर चिखल कुठून असणार?

परत येताना रस्त्याचे काम चालू होते. तिथे एक पोकलेन उभे होते. तेही साखळीवर चालते! मी अब्बांना थांबवले आणि वहीत लिहू लागलो :

साखळीचा जो भाग जमिनीला घासतो, तो चांदीसारखा चमकतो. खाचांमध्ये माती दाबून बसते.

धूळ खाली जास्त आणि वर कमी असते.

चालक जिथे पाय ठेवून चढतो, तिथला रंग झिजतो.

धूर निघतो ती नळी तापते, म्हणून तिचा रंग जळतो. तिथे मात्र खरोखर गंज असतो.

पावसाचे ओघळ वरून खाली येतात. ते आडवे कधी नसतात.

तेल भरण्याच्या झाकणाभोवती काळपट, ओला डाग असतो.

त्या पोकलेनच्या चालकाने विचारले, "काय लिहितोस रे? मशीन विकत घ्यायचंय का?" आम्ही सारे हसलो.

घरी येऊन मी वही समोर ठेवली आणि कामाला बसलो. या वेळी प्रत्येक डागाआधी स्वतःला विचारले, "हा डाग इथे का?" उत्तर मिळाले तरच कुंचला उचलला.

कुंचल्याला फिका हिरवा रंग लावून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसला. मग कडांवरून हलकेच फिरवला. कडा उठून दिसू लागल्या. स्पंजाचा छोटा तुकडा गडद करड्या रंगात बुडवून टिपला आणि चालकाच्या झाकणाजवळ दोन-चार ठिकाणी टेकवला. तिथला रंग झिजून आतले पोलाद दिसते, असे वाटू लागले. पण फक्त उजव्या बाजूला, कारण चालक तिथूनच चढतो. टरेटच्या झाकणांजवळही थोडे ठिपके दिले. धूर बाहेर सोडणाऱ्या भागांवर गंज रंगवला आणि तोंडाशी काजळी लावली. तोफेवर गंजाचा एक ठिपकाही नाही.

साखळ्या गडद तपकिरी केल्या. वाळल्यावर जमिनीला लागणाऱ्या भागावर पेन्सिलीचे शिसे घासले. ते पोकलेनच्या साखळीसारखे चमकू लागले. शेवटी धूळ. पांढरा, तपकिरी आणि थोडा पिवळा खडू किसून पूड केली. ती मिसळली, तेव्हा आजोबांनी सांगितला तसा फिका रंग झाला. तोंडाला रुमाल बांधून ती पूड मऊ कुंचल्याने चाकांवर आणि खालच्या भागावर लावली. वर जाताना हात हलका केला. टरेटवर अगदी थोडी.

चौदा तारखेच्या रात्री काम संपले. सर्व मिळून गंजाचे फक्त चार-पाच डाग होते. पहिल्यापेक्षा काम कमी दिसत होते, पण मेहनत दुप्पट झाली होती.

विजय दिनाला प्रदर्शन भरले. मी रणगाड्याशेजारी एक पाटी ठेवली : 'सेंच्युरियन रणगाडा. बसंतर, डिसेंबर १९७१. लढाईच्या आदल्या संध्याकाळी.' मुले येत होती, पाहत होती, पुढे जात होती. एका मुलाने विचारले, "एवढाच चिखल? अजून का नाही लावलास?" मी त्याला साखळीपासून टरेटपर्यंत प्रत्येक डागाचे कारण सांगितले. तो लक्षपूर्वक ऐकत होता.

दुपारी सुभेदारआजोबा आले. छातीवर पदके होती. त्यांनी चष्मा लावला आणि वाकून रणगाडा पाहिला. तोफ पाहिली. साखळी पाहिली. मग त्यांचे बोट चालकाच्या झाकणाजवळ थांबले. तिथे झिजलेला रंग होता.

"इथून मी चढायचो," ते हळूच म्हणाले.

ते एवढेच बोलले. मग ताठ उभे राहिले आणि त्यांनी त्या छोट्या रणगाड्याला सलाम केला. प्रदर्शनात मला बक्षीस मिळाले की नाही, हे मला नंतर कोणी विचारले नाही. मीही कोणाला सांगितले नाही.

शब्दार्थ

रणगाडा – साखळीवर चालणारी, तोफ असलेली लढाईची चिलखती गाडी
प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू, नमुना
शरणागती पत्करणे – हार मानून शरण जाणे
पलटण – सैन्याची तुकडी
मरणोत्तर – मृत्यूनंतर
अस्तर – मुख्य रंगाआधी दिलेला खालचा थर
गंज – लोखंडावर चढणारा तांबूस थर
वंगण – यंत्र सहज फिरावे म्हणून घातलेले तेल किंवा चरबी
भंगार – मोडके, निकामी सामान
गाळ – नदीच्या पाण्याबरोबर वाहत येऊन साठलेली बारीक माती
ओघळ – वरून खाली वाहत आलेल्या पाण्याची रेघ
काजळी – धुराचा काळा थर
रडकुंडीला येणे – रडू येण्याच्या बेतात असणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) प्रतिकृतीचे प्रमाण किती होते?
(२) धाकटे मामू कोणते काम करत?
(३) सेंच्युरियनमध्ये चालकाची जागा कोठे असते?
(४) मुलाने धुळीसाठी कशाची पूड केली?

प्र. २. कारणे लिहा.
(१) मामूंनी थिनरला हात लावू दिला नाही.
(२) तोफेवर गंज रंगवणे चूक होते.
(३) शेतातली काळी माती या रणगाड्याला शोभत नव्हती.
(४) टर्पेंटाइनने गंज निघाला, पण हिरवा रंग राहिला.

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) "जेवण नंतर, रणगाडा आधी."
(२) "तो राहू दे. खऱ्या गाडीतही मळ कोपऱ्यातच साठतो."
(३) "मशीन विकत घ्यायचंय का?"

प्र. ४. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) पोकलेन पाहून मुलाने वहीत काय काय लिहिले?
(२) सुभेदारआजोबांनी रणगाड्याला सलाम का केला असेल, असे तुम्हांला वाटते?

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
नवा, जाड, फिका, कोरडा, हलका

प्र. ६. 'खो खो हसणे', 'मान खाली जाणे', 'रडकुंडीला येणे' या शब्दसमूहांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ७. मराठीत 'गंज' म्हणजे लोखंडावरचा तांबूस थर. उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना. दोन्ही भाषांत सारखे ऐकू येणारे, पण अर्थ वेगळा असणारे आणखी दोन शब्द शोधा.

उपक्रम : तुमच्या परिसरातील एखादी जुनी सायकल, हातगाडी किंवा ट्रॅक्टर नीट पाहा. तिच्यावर कोठे रंग झिजला आहे, कोठे गंज आहे आणि कोठे धूळ आहे, ते वहीत लिहा. प्रत्येकापुढे कारणही लिहा.